पीएमआयसी ड्रायव्हरमध्ये बिघाड आणि इशारे कळवण्याची सोय करताना

बोर्डवर एक पीएमआयसी (बोर्डचा वीजपुरवठा सांभाळणारी चिप) होता. त्यात काही बक कन्व्हर्टर, एक-दोन एलडीओ (दोन्ही व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारे रेग्युलेटर), प्रोसेसरशी बोलायला आयटूसी बस आणि काही घडलं की प्रोसेसरला हाक मारणारी एकच इंटरप्ट लाइन. लिनक्सचा ड्रायव्हर तयार होता, पण त्याला व्होल्टेज ठरवणं आणि रेल (एकेका व्होल्टेजचा पुरवठा) चालू-बंद करणं एवढंच येत होतं. करंट वाढला, व्होल्टेज घसरलं, तापमान चढलं, हे चिप आपल्या स्टेटस रजिस्टरमध्ये इमानदारीत नोंदवत होती आणि ते रजिस्टर कोणी वाचत नव्हतं. मग बोर्ड मध्येच गोठायचा, लॉगमध्ये शेवटी एसडी कार्डाचा टाइमआउट दिसायचा आणि सगळा संशय कार्डावर जायचा. हे बिघाड आणि इशारे ड्रायव्हरमधून वरपर्यंत पोहोचवण्याचं काम कसं होतं, कुठे अडतं आणि का, ते इथे क्रमाने लिहितो.

सुरुवात कोडपासून करू नये, डेटाशीटपासून करावी. प्रत्येक बिघाडासाठी चार गोष्टी शोधून कागदावर मांडाव्यात. तो कोणत्या पातळीला ओळखला जातो आणि ती पातळी बदलता येते का? तो ओळखल्यावर चिप स्वतः काय करते: आउटपुट बंद करते, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करते, की फक्त बिट उचलते? ते बिट लॅच होतं, म्हणजे साफ करेपर्यंत तसंच राहतं, की परिस्थिती सुधारली की आपोआप उतरतं? आणि इंटरप्ट लाइन बिघाड असेपर्यंत खाली धरली जाते की बिट साफ केल्याबरोबर सुटते? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं डेटाशीटमध्ये अनेकदा एकाच जागी नसतात. एक टायमिंगच्या आकृतीत सापडतं, दुसरं रजिस्टरच्या तक्त्याखालच्या बारीक टीपेत. ती सापडेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण ड्रायव्हरची सगळी रचना त्यांवरच उभी राहते.

लिनक्समधली रेग्युलेटर चौकट (अशा ड्रायव्हरांचा सामाईक कोड) २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत आली. करंट जादा, व्होल्टेज कमी, तापमान जादा, आउटपुट नियंत्रणाबाहेर, पूर्ण निकामी, अशा घटना तिच्यात होत्या, पण सगळ्या ‘बिघाड’ याच एका पातळीच्या. ‘बिघाड अजून झालेला नाही, पण होऊ घातला आहे’ हे सांगायला वेगळी सोय नव्हती. इशाऱ्यांच्या चार घटना, म्हणजे कमी व्होल्टेज, जादा करंट, जादा व्होल्टेज आणि जादा तापमान, तसंच इंटरप्ट हाताळणारा सामाईक मदतनीस हे २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीत आले. त्याहून जुन्या कर्नलवर काम असेल तर पुढचं बरंचसं स्वतः लिहावं लागतं किंवा मागच्या आवृत्तीत आणून बसवावं लागतं.

चौकटीत तीव्रतेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली संरक्षण: मर्यादा ओलांडली की हार्डवेअर स्वतःच रेल तोडतं, सॉफ्टवेअरला विचारत नाही. दुसरी एरर: चिप काही करत नाही, पण यंत्रणा यापुढे नीट चालेल याची खात्री उरलेली नाही. तिसरी इशारा: मर्यादा ओलांडली आहे, पण सगळं अजून चालू आहे आणि कोणाला तरी काहीतरी करायला वेळ आहे. कोणता बिघाड कुठल्या पायरीवर टाकायचा, यावर चर्चा खूप होते. आमची कसोटी एवढीच होती की घटना कळल्यावर ग्राहक ड्रायव्हरला (त्या रेलवर चालणाऱ्या उपकरणाच्या ड्रायव्हरला) आपला भार कमी करून परिस्थिती सुधारता येईल का. येत असेल तर तो इशारा. डेटाशीट त्याला ‘फॉल्ट’ म्हणत असली तरी आम्ही तो इशाराच ठेवला, कारण एरर ऐकल्यावर ग्राहकाने थेट गाशा गुंडाळायला घेतला तर तेही रास्तच ठरतं.

मर्यादा डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय जोडलं आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहायच्या असतात. जादा करंटसाठी ‘रेग्युलेटर-ओसी-प्रोटेक्शन-मायक्रोअँप’, ‘रेग्युलेटर-ओसी-एरर-मायक्रोअँप’ आणि ‘रेग्युलेटर-ओसी-वॉर्न-मायक्रोअँप’ असे तीन गुणधर्म आहेत. व्होल्टेज जादा आणि कमी होण्यासाठी ‘ओव्ही’ आणि ‘यूव्ही’ नावांचे तसेच तीन-तीन, आणि तापमानासाठी केल्विनमधले तीन. किंमत ० दिली तर ती देखरेख बंद होते. १ दिली तर देखरेख चालू, पण मर्यादा चिपची मूळचीच राहते. इथे दोन ठिकाणी हमखास गल्लत होते. तापमान केल्विनमध्ये आहे, म्हणजे १२५ अंश सेल्सिअससाठी ३९८ लिहायचं. दुसरी गल्लत जास्त महागात पडते: व्होल्टेजच्या मर्यादा प्रत्यक्ष व्होल्टेज म्हणून द्यायच्या नसतात, ठरवलेल्या व्होल्टेजपासून किती सरकलं तर कळवायचं, ते अंतर द्यायचं असतं. १.१ व्होल्टच्या रेलवर ५ टक्के घसरणीला इशारा हवा असेल तर ५५००० लिहायचं. कोणी १०४५००० लिहिलं तर त्याचा अर्थ ‘१.०४५ व्होल्टने घसरलं तर’ असा होतो. एवढं अंतर चिपला ठेवता येत नाही, किंवा ठेवता आलं तर तो इशारा कधीच वाजत नाही.

ड्रायव्हरच्या बाजूला या मर्यादा बसवणारे चार कॉलबॅक (चौकट बोलावते ती फंक्शनं) असतात: करंट, जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज आणि तापमान यांचा प्रत्येकी एक. प्रत्येकाला मर्यादा, तीव्रता आणि चालू की बंद हे मिळतं. एकच कॉलबॅक तिन्ही पायऱ्यांसाठी वेगवेगळा बोलावला जातो, आधी संरक्षण, मग एरर, मग इशारा. चिपमध्ये मर्यादेचं रजिस्टर एकच असेल आणि डिव्हाइस ट्रीमध्ये दोन पायऱ्या लिहिल्या असतील, तर शेवटची किंमत आधीचीवर चढते आणि संरक्षण गुपचूप हरवतं. म्हणून कोणती पायरी आधीच बसली आहे हे ड्रायव्हरने लक्षात ठेवावं आणि दुसरी आली की स्पष्ट नकार द्यावा.

नकार द्यायलाही पद्धत आहे. कॉलबॅकच दिलेला नसेल तर चौकट लॉगमध्ये ‘चिपला या मर्यादा जमत नाहीत’ असं लिहून पुढे जाते. पण कॉलबॅक आहे आणि त्याने अवैध किंमतीची एरर परत केली, तर त्या रेग्युलेटरची नोंदणीच फसते. मग त्या रेलवर अवलंबून असलेले सगळे ड्रायव्हर प्रोब (स्वतःचं सुरू होणं) पुढे ढकलत बसतात आणि स्क्रीन काळा राहतो. एका चुकीच्या मर्यादेपायी अख्खा बोर्ड उठत नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. चिपमध्ये मर्यादेचे टप्पे ठरलेले असतील आणि मागितलेली किंमत दोन टप्प्यांच्या मध्ये पडत असेल, तर आम्ही इशाऱ्यासाठी लवकर वाजणारा टप्पा घेतो आणि प्रत्यक्ष बसवलेली किंमत लॉगमध्ये एकदा छापतो. मागितलेली किंमत चिपच्या पल्ल्याबाहेरच असेल तर मात्र एरर परत करणं योग्य, कारण तिथे डिव्हाइस ट्रीच चुकलेली असते.

काही चिप करंट स्वतः मोजत नाहीत. बाहेरच्या फेटवर (स्विच म्हणून लावलेल्या ट्रान्झिस्टरवर) पडणारं व्होल्टेज मोजून त्यावरून अंदाज काढतात. अशा वेळी फेटचा चालू स्थितीतला रोध डिव्हाइस ट्रीमध्ये द्यावा लागतो. १० मिलिओहमच्या फेटवर २ अँपिअरला २० मिलिव्होल्ट पडतात. बोर्डच्या पुढच्या आवृत्तीत कोणी १५ मिलिओहमचा फेट लावला आणि डिव्हाइस ट्री तशीच ठेवली, तर तोच इशारा १.३३ अँपिअरला वाजू लागतो. फेट तापला की रोधही वाढतो, त्यामुळे डेटाशीटमधला २५ अंशाचा आकडा आंधळेपणाने उचलू नये.

आता या कामाचा गाभा, म्हणजे इंटरप्ट. बऱ्याच पीएमआयसी बिघाड असेपर्यंत लाइन खाली धरून ठेवतात. जादा करंट तासभर टिकला तर लाइन तासभर खाली. थ्रेडेड हँडलर (इंटरप्ट आल्यावर वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा कोड) बिट वाचतो, घटना कळवतो, परततो. इंटरप्ट उघडतो आणि त्याच क्षणी पुन्हा लागतो. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर एक रजिस्टर वाचायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा तेच वाचन, तीच घटना आणि तीच लॉगमधली ओळ. भार आधीच जास्त असलेल्या बोर्डवर आपण सीपीयूचा आणखी भार टाकत राहतो. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर यावर आपापला उपाय लिहायचा. आता त्यासाठी ‘रेग्युलेटर_आयआरक्यू_हेल्पर’ आहे आणि तोच वापरावा.

त्याला एक वर्णन द्यायचं असतं. त्यातलं ‘आयआरक्यू_ऑफ_एमएस’ म्हणजे एकदा घटना आल्यावर इंटरप्ट किती मिलिसेकंद बंद ठेवायचा. आम्ही १००० ने सुरुवात करतो. ‘रीरीड_एमएस’ म्हणजे स्टेटस वाचताच आलं नाही तर किती वेळाने पुन्हा वाचायचं. ‘फेटल_काउंट’ म्हणजे असं किती वेळा फसल्यावर हात टेकायचे. ० असेल तर प्रयत्न चालूच राहतात. मर्यादा संपली की आधी ड्रायव्हरचा ‘डाय’ कॉलबॅक बोलावला जातो. तो नसेल किंवा त्यालाही जमलं नाही, तर चौकट यंत्रणा शिस्तीत बंद करायला घेते आणि १० सेकंदांत ते झालं नाही तर सक्तीने बंद करते. म्हणून ‘फेटल_काउंट’ला आकडा देण्याआधी विचार करावा. आयटूसी बसवर दुसरं एखादं उपकरण क्लॉक धरून बसलं तरी वाचन फसतं, आणि तेवढ्यावरून चालतं यंत्र बंद करणं बहुतेक ठिकाणी परवडणारं नसतं. उलट ज्या रेलवर बिघाड झाला त्याच रेलवर आयटूसीचे पुल-अप (लाइन वर खेचून ठेवणारे रेझिस्टर) असतील, तर वाचन फसणं हाच बिघाडाचा पुरावा ठरतो. तिथे आकडा लहान ठेवणं शहाणपणाचं.

ड्रायव्हरने लिहायचे मुख्य कॉलबॅक दोन. ‘मॅप_इव्हेंट’ स्टेटस वाचतो आणि कोणत्या रेलवर काय झालं ते एका तक्त्यात भरतो: प्रत्येक रेलसाठी कळवायच्या घटना आणि ठेवायचे एरर फ्लॅग. मग ज्या रेलवर काही घडलं त्यांचे बिट मास्कमध्ये उचलतो. हा तक्ता चौकट दर वेळी साफ करत नाही. ज्या रेलचं बिट उचललं तिच्या घटना आणि फ्लॅग हे दोन्ही रकाने दर खेपेला नव्याने लिहावे लागतात, नाहीतर मागचा कमी व्होल्टेजचा फ्लॅग आजच्या जादा करंटसोबत वर जातो. वाचन फसलं तर ‘फेल्ड_रिट्राय’ परत करायचं, ० नाही. ० म्हणजे वाचन नीट झालं. आणि ० देऊन मास्क रिकामा ठेवला तर ‘हा इंटरप्ट आपला नाही’ असा अर्थ घेतला जातो. लाइन खाली आणि मास्क रिकामा असं सतत होत राहिलं की लागोपाठच्या १ लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त अनाथ निघाल्यावर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असं छापून ती लाइन कायमची बंद करतो. त्यानंतर खरा बिघाड झाला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

दुसरा कॉलबॅक ‘रीनेबल’. ठरलेला वेळ संपल्यावर इंटरप्ट उघडण्याआधी तो बोलावला जातो. बिघाड अजून असेल तर तसं सांगायचं, म्हणजे इंटरप्ट बंदच राहतो आणि नंतर पुन्हा विचारणा होते. गेला असेल तर फ्लॅग साफ करून तसं सांगायचं. हा कॉलबॅक ऐच्छिक आहे आणि अनेक जण तो लिहीतच नाहीत. मग चौकट वेळ संपला की बिघाड गेला असं धरून चालते, फ्लॅग उतरवते, इंटरप्ट उघडते, आणि बिघाड असेलच तर क्षणात पुन्हा घटना पाठवते. ग्राहकाला एकच लांब बिघाड सेकंदागणिक नवा दिसतो. चिपमध्ये चालू स्थिती सांगणारं बिट असेल तर ‘रीनेबल’ लिहिलाच पाहिजे असं आमचं ठाम मत आहे. बिघाड कधी संपला हे तो सुरू कधी झाला याइतकंच महत्त्वाचं आहे.

लॅच होणारी बिट साफ करताना जेवढी वाचली तेवढीच साफ करावीत. सरसकट सगळी पुसली तर वाचन आणि पुसणं यांच्या मधल्या फटीत उठलेला बिघाड नाहीसा होतो. रेगमॅप-आयआरक्यू (इंटरप्टची रजिस्टरं हाताळणारा कर्नलमधला तयार कोड) वापरत असाल तर आणखी एक गोम आहे. तो मूळ हँडलरमध्येच स्टेटस वाचून बिट साफ करतो आणि त्यानंतर आपल्याला बोलावतो, त्यामुळे ‘मॅप_इव्हेंट’मध्ये तेच रजिस्टर वाचलं की शून्य दिसतं. अशा वेळी चालू स्थितीचं वेगळं रजिस्टर वाचावं. तसं रजिस्टर नसेल आणि एका इंटरप्टचा अर्थ एकच बिघाड असेल, तर चौकटीतला तयार साधा मॅपर वापरावा, तो काहीच वाचत नाही. आणि स्टेटस रजिस्टरं रेगमॅपमध्ये व्होलाटाइल (दर वेळी चिपमधूनच वाचायची) म्हणून नोंदवली आहेत ना, हे सगळ्यात आधी तपासावं. नसतील आणि कॅशे चालू असेल तर पहिल्यांदा वाचलेली किंमतच कायम परत येत राहते.

एका लाइनवर सगळ्या रेल असण्याचा तोटा असा की एका रेलचा बिघाड टिकला तर बंद इंटरप्टमुळे दुसऱ्या रेलचा नवा बिघाड अडकून पडतो. चिपमध्ये प्रत्येक बिघाडाचं मास्क बिट असेल तर रेगमॅप-आयआरक्यूने त्यांचे वेगळे उप-इंटरप्ट करावेत आणि प्रत्येकासाठी वेगळा मदतनीस नोंदवावा. मग फक्त तेवढाच बिघाड झाकला जातो, बाकीचे उघडे राहतात.

खोटे इशारे बहुतेक वेळा रेल चालू होताना येतात. १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ३.३ व्होल्टपर्यंत अर्ध्या मिलिसेकंदात भरायचे तर ०.६६ अँपिअर लागतात, तेच ०.१ मिलिसेकंदात भरायचे तर ३.३ अँपिअर. भार शून्य असतानाही इशारा वाजतो तो यामुळे. यावर उपाय म्हणजे चिपचा सॉफ्ट-स्टार्ट सावकाश करणं किंवा तिच्यातला ब्लँकिंगचा (सुरुवातीला देखरेख झाकून ठेवण्याचा) वेळ वाढवणं. इशाऱ्याची मर्यादाच वर सरकवणं हा उपाय नव्हे, त्याने खऱ्या बिघाडाचा इशाराही जातो. व्होल्टेज वर-खाली करतानाही देखरेख गडबडते. तेवढ्यापुरती ती थांबवायला रेग्युलेटरच्या वर्णनात आता वेगळी फील्ड आहेत, ती वापरावीत. बंद रेलचं आउटपुट शून्य असल्यामुळे काही चिप तेही ‘कमी व्होल्टेज’ म्हणून कळवतात. त्यासाठी मदतनीसाच्या वर्णनात ‘स्किप_ऑफ’ आहे.

ग्राहक ड्रायव्हर नोटिफायर (घटना आली की बोलावलं जाणारं फंक्शन) नोंदवून या घटना ऐकतो. घटना बिटमास्क म्हणून येतात आणि एकाच हाकेत दोन असू शकतात, म्हणून स्विच-केस लिहू नये. प्रत्येक बिट वेगळं तपासावं. कॉलबॅकमध्ये लांबलचक काम करू नये, वर्क रांगेत टाकून परतावं. जो ग्राहक उशिरा नोंदवतो त्याला आधीची घटना मिळत नाही, त्याने नोंदणीनंतर एकदा एरर फ्लॅग विचारून घ्यावेत. आणि सामाईक रेलवर साधं डिसेबल केलं तर फक्त आपली गणती कमी होते, रेल चालूच राहते. खरंच तोडायची असेल तर फोर्स-डिसेबल आहे, पण ते बाकी सगळ्यांचाही पुरवठा तोडतं. रेग्युलेटर ड्रायव्हरने इशारा आल्यावर स्वतःहून रेल बंद करू नये. कोणाचा भार आधी उतरवायचा हे त्याला ठाऊक नसतं.

मुख्य पुरवठ्याची गोष्ट वेगळी. १२ व्होल्टच्या रेलवर १००० मायक्रोफॅरड आहेत आणि बोर्ड ८ व्होल्टपर्यंत तग धरतो असं धरलं, तर त्यात ०.०४ ज्यूल वापरता येतात. ५ वॅटच्या भाराला ते ८ मिलिसेकंद पुरतात. एवढ्या वेळात यूजर स्पेसपर्यंत जाऊन परत येणं होत नाही. अशा रेलसाठी डिव्हाइस ट्रीमध्ये ‘सिस्टम-क्रिटिकल-रेग्युलेटर’ हा गुणधर्म आहे. तो असला की व्होल्टेज घसरल्याची घटना येताच कर्नल स्वतः बंद होण्याची प्रक्रिया सुरू करतो.

चाचणीसाठी मर्यादा ओलांडायला बोर्ड जाळायची गरज नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये इशाऱ्याची मर्यादा तात्पुरती इतकी खाली आणावी की नेहमीचा भारच ती ओलांडेल. खरी मर्यादा तपासायची तर ३.३ व्होल्टवर १.५ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर २.२ अँपिअर ओढतो आणि सव्वासात वॅट उष्णता काढतो, म्हणून निदान १० वॅटचा घ्यावा आणि हात लांब ठेवावा. बिघाड चालू ठेवून इंटरप्टांची मोजणी दाखवणारी प्रॉक फाइल पाहावी. ‘रीनेबल’ नीट असेल तर आकडा एकदा वाढून थांबतो. नसेल तर ‘आयआरक्यू_ऑफ_एमएस’ १००० असताना दर सेकंदाला एकाने वाढत राहतो. आकडा वेगाने पळत असेल तर इंटरप्ट बंदच होत नाहीये. त्याच वेळी सिसएफएसमध्ये (कर्नलची स्थिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये) त्या रेलच्या डिरेक्टरीतली ‘ओव्हर_करंट_वॉर्न’ ही फाइल १ दाखवते का, आणि रेझिस्टर काढल्यावर ठरलेल्या वेळात ० होते का, हे पाहावं. वाचन फसण्याची वाट तपासायला लाइन खाली असताना आयटूसीची डेटा लाइन क्षणभर ग्राउंडला टेकवावी, आणि हे करताना ‘फेटल_काउंट’ ० ठेवावा.

पॅच पाठवताना डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगचा (तिच्यातल्या गुणधर्मांच्या व्याख्येचा) बदल वेगळा आणि ड्रायव्हरचा वेगळा ठेवावा, दोन्ही तपासणीच्या स्क्रिप्टमधून काढून. कमिटच्या मजकुरात लाइन बिघाडभर खाली राहते की नाही, कोणतं बिट लॅच होतं आणि कोणता बिघाड कुठल्या तीव्रतेला का टाकला, हे लिहावं. परीक्षण करणाऱ्याजवळ बहुधा ती डेटाशीट नसते आणि त्याचे पहिले प्रश्न हेच असतात.